जनुकांमधले अंतर मोजणारा गणिती

दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटले की मराठी वाचकाला इतिहास आठवतो. आहत नाणी, कार्ल्याची लेणी, बोल्हाई-म्हातोबाची ठाणी, आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी पालथ्या घालत अश्मयुगीन दगडी पाती गोळा करणारे विद्वान. त्यांची पोटापाण्याची विद्या मात्र गणित होती. आयुष्यभर त्यांनी नोकरी केली ती गणिताची. वैद्यकाच्या अंगाने पाहिले तर त्यांचे नाव ज्यामुळे टिकून आहे तो लेख अवघ्या चार पानांचा आहे. तो १९४४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या ब्रिटिश नियतकालिकात आला. विषय होता, गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर कसे काढायचे.

हे अंतर कळून रुग्णाला काय मिळते, हा प्रश्न रास्त आहे. घरात एखादा आनुवंशिक आजार असला की बाह्यरुग्ण विभागात येणारी मंडळी फिरून फिरून एकच विचारतात: ‘पोरालाही होईल का?’ याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे क्वचितच देता येते. बहुतेक वेळा ते टक्क्यांत द्यावे लागते आणि टक्के माणसाच्या पचनी पडत नाहीत. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात सिकलसेलचे वाहक आहेत. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. हे सांगितले की पुष्कळ घरांत हिशेब होतो तो असा: चारातले एक आजारी, पहिले आजारी झालेच, म्हणजे पुढची तीन ठणठणीत. हिशेब साफ चुकीचा. दर गरोदरपणात फासे नव्याने पडतात, आधीचे दान त्यांना ठाऊक नसते. पण हे समजावून सांगायला लागणारी पाच मिनिटे गर्दीच्या ओपीडीत मिळत नाहीत, आणि समजावणाऱ्यालाही संभाव्यतेची भाषा सवयीची असतेच असे नाही.

आनुवंशिकतेच्या विज्ञानाचा पायाच या भाषेवर उभा आहे. आपल्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. त्यांना मण्यांच्या दोन माळा समजा. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना या माळा शेजारी शेजारी येतात, एकाच ठिकाणी तुटतात आणि आपले तुकडे एकमेकींशी बदलून घेतात. यालाच क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. माळेत अगदी लगत असलेले दोन मणी या अदलाबदलीत सहसा एकमेकांपासून सुटत नाहीत. लांबचे मणी वारंवार सुटतात. म्हणजे शंभर संततींपैकी किती जणांत ते सुटले हे मोजले, की दोघांमधले अंतर किती याचा अदमास येतो. अमेरिकेत थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतले तरुण विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी फळमाशीवर हेच केले आणि १९१३ मध्ये जगातला पहिला जनुकीय नकाशा छापला. या अंतराच्या एककाला पुढे सेंटिमॉर्गन हे नाव पडले. माणसात एक सेंटिमॉर्गन म्हणजे सरासरीने डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरे.

यात एक गोम आहे. दोन मण्यांच्या मधल्या भागात माळ एकदा नव्हे, दोनदा तुटून बदलली, तर दोन्ही मणी पुन्हा एकाच माळेत येतात आणि मोजणाऱ्याला वाटते काही घडलेच नाही. शेजारी सकाळी पुण्याहून लोणावळ्याला गेला आणि संध्याकाळी परत आला. आपण त्याला सकाळी दारात पाहिले, रात्रीही दारात पाहिले, आणि समजलो की दिवसभर घरीच होता. तसेच हे. मणी जितके लांब, तितक्या अशा न दिसणाऱ्या फेऱ्या जास्त, आणि नुसत्या मोजणीने निघालेले अंतर तितके तोकडे. शिवाय कितीही लांब गेले तरी सुटण्याचे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर जात नाही. त्यामुळे दिसणाऱ्या टक्केवारीवरून खरे अंतर काढायला सूत्र लागते.

पहिले सूत्र जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये दिले. माळ कुठेही तुटली तरी त्याचा शेजारच्या जागेवर काही परिणाम होत नाही, असे त्यांनी धरले होते. गणिताला ते सोयीचे, पण निसर्ग तसा वागत नाही. एका जागी अदलाबदल झाली की तिच्या लगतच्या टापूत दुसरी सहसा होत नाही. जणू पहिली दुसरीला अडवते. हाल्डेन यांच्या सूत्रात न दिसणाऱ्या फेऱ्या गरजेपेक्षा जास्त धरल्या जातात आणि अंतर फुगते.

कोसंबींनी ही अडवणूक सूत्रात आणली, तीही अत्यंत साध्या गृहीतावर. जागा अगदी जवळ असतील तेव्हा अडवणूक जवळजवळ पूर्ण. जसजसे लांब जावे तसतशी ती सरळ प्रमाणात ओसरत जाते, आणि सुटण्याचे प्रमाण ५० टक्क्यांना भिडते तिथे संपते. एवढे धरून त्यांनी एक छोटे समीकरण मांडले, ते सोडवले आणि एका ओळीचे उत्तर दिले. फरक किती पडतो पाहा. दोन जनुके २० टक्के संततीत सुटत असतील तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर येते २५.५ सेंटिमॉर्गन, कोसंबींच्या सूत्राने २१.२. प्रमाण ३० टक्के असेल तर हाल्डेन ४५.८ म्हणतात, कोसंबी ३४.७. एक टक्क्याला दोघांचे उत्तर जवळपास सारखेच. म्हणजे जवळच्या घरांसाठी कोणतीही पट्टी चालते, दूरच्या गावांसाठी पट्टी चांगली लागते.

या नकाशांचे वैद्यकातले मोल १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिसू लागले. १९७८ मध्ये कॅन आणि डोझी या संशोधकांनी दाखवले की सिकलसेलच्या जनुकाशेजारी डीएनएमध्ये एक खूण असते आणि ती खूण तपासून गर्भात आजार आहे का, याचा अंदाज बांधता येतो. पाठोपाठ १९८३ मध्ये हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे हे अशाच एका शेजारच्या खुणेवरून कळले. या आजारात आई किंवा वडील बाधित असतील तर मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के. बरेचदा तो दिसू लागतो तिशी-चाळिशीत, लग्न होऊन मुलेबाळे झाल्यावर. प्रत्यक्ष जनुक हाती लागायला १९९३ उजाडले. मधली दहा वर्षे ज्यांनी चाचणी करून घेतली त्यांना शेजारच्या खुणेच्या भरवशावर उत्तर मिळत होते. पहिली खूण जनुकापासून सुमारे ४ सेंटिमॉर्गनवर होती. म्हणजे शंभरात चारदा खूण एकीकडे आणि जनुक दुसरीकडे जाण्याची शक्यता. पंचविशीतल्या माणसाला ‘तुम्हाला हा आजार होणार’ असे सांगताना त्या चार टक्क्यांचे ओझे काय असते, हे असे निदान ज्यांनी सांगितले आहे त्यांनाच कळेल. नकाशातल्या अंतराची चूक तिथे थेट माणसाच्या आयुष्यात उतरते.

सिस्टिक फायब्रोसिस, स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-१, ही जनुकेही याच वाटेने सापडली: आधी कुटुंबांच्या पिढ्यांवरून अदमासे पत्ता, मग जवळच्या खुणा, मग घर. आज सिकलसेलची चाचणी थेट होते, त्यामुळे रुग्णाच्या कानावर ‘अंतर’ हा शब्द पडत नाही. पिकांच्या वाणांवर काम करणारे मात्र हे नकाशे आजही रोज काढतात.

हा लेख लिहिला तेव्हा कोसंबी ३७ वर्षांचेही नव्हते किंवा नुकतेच झाले होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. जीवशास्त्राचे शिक्षण नाही, प्रयोगशाळा नाही, बाहेर दुसरे महायुद्ध. या प्रश्नाशी ते आले कसे, याचे उत्तर नाण्यांत आहे.

संख्याशास्त्र शिकायचे तर पुस्तकातली उदाहरणे सोडवण्यापेक्षा एखादा खराखुरा प्रश्न घ्यावा, असे त्यांना वाटले. त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यांतली आहत नाणी तराजूवर घातली. तर्क असा: नाणे टांकसाळीतून निघते तेव्हा सगळी साधारण सारख्या वजनाची असतात. हातोहाती फिरताना प्रत्येक नाणे थोडे थोडे झिजते. म्हणून जुन्या नाण्यांच्या गटाचे सरासरी वजन कमी होतेच, पण नाण्या-नाण्यांतली तफावतही वाढते, कारण काही खूप फिरतात आणि काही कुणाच्या तरी गाडग्यात पडून राहतात. हा नियम चालू नाण्यांवर तपासून पाहण्यासाठी त्यांनी बाजारातली नाणीही हजारोंनी तोलली. मग वजनावरून जुन्या गटांचा काळाचा क्रम लावला. नाण्याच्या मागच्या बाजूच्या बारीक खुणा जितक्या जास्त तितके वजन कमी, हेही दाखवले. वैद्यकातल्या माणसाला हे वाचताना ओळखीचे वाटते. जन्मलेल्या बाळांची वजने एका पट्ट्यात असतात. सत्तरीतल्या शंभर जणांची मूत्रपिंडे तपासली तर सरासरी क्षमता घटलेली दिसते आणि माणसा-माणसांतला फरक पुष्कळ वाढलेला. काही नाणी गाडग्यात राहिलेली असतात.

एका विद्येतून दुसरीत असे सहज जाणे त्यांना घरातूनच मिळाले असावे. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातल्या कोसबें गावचा. वडील आचार्य धर्मानंद कोसंबी, बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून बाहेर पडलेले आणि पालीचे जगन्मान्य पंडित झालेले. ते हार्वर्डला काम करत होते म्हणून अकरा वर्षांचे दामोदर १९१८ मध्ये अमेरिकेला गेले, शाळा तिथे झाली आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळाली. जॉर्ज बर्खॉफ यांच्यासारखे मोठे गणिती तिथे गुरू होते. नॉर्बर्ट वीनर यांच्याशी स्नेह जडला. त्यांनी पीएचडी मात्र कधीच केली नाही. आजच्या पात्रतेच्या तक्त्यात त्यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत अडकला असता.

परतल्यावर बनारस, मग अलिगढ. अलिगढला आंद्रे व्हेय या फ्रेंच गणितज्ञाने त्यांना बोलावून घेतले. तिथल्याच दिवसांत एक खट्याळ लेख कोसंबींनी छापला. ‘बुर्बाकी’ नावाच्या कुणा कल्पित रशियन गणितज्ञाचे प्रमेय त्यात होते. पुढे व्हेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी हेच नाव आपल्या गटाला घेतले आणि विसाव्या शतकातल्या गणिताची सर्वांत गाजलेली ग्रंथमाला त्या नावाने निघाली. छापील कागदावर तो बुर्बाकी प्रथम अवतरला तो कोसंबींच्या लेखात. १९३३ पासून फर्ग्युसन. त्याच वर्षी एका जर्मन नियतकालिकात त्यांचा भूमितीवरचा लेख आला, आणि एली कार्तां यांच्यासारख्या दिग्गजाने त्यावर टिपण लिहिले. कोसंबी, कार्तां आणि चेर्न या तिघांच्या नावाने तो सिद्धान्त आजही ओळखला जातो.

दुसऱ्या एका कामाला मात्र त्यांचे नाव चिकटले नाही. असंख्य बदलत्या नोंदींच्या गोंधळातून मोजकेच मुख्य आकार वेगळे काढण्याची रीत त्यांनी १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडली. हीच रीत थोड्या वर्षांनी युरोपात कारुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे शोधली आणि जगभर त्यांच्याच नावाने रूढ झाली. ईसीजीच्या लहरींतून कामाचा भाग गाळून घ्यायला, मेंदूच्या प्रतिमा आटोपशीर करायला ती वापरतात. युद्धाच्या काळात भारतात छापलेले नियतकालिक परदेशी ग्रंथालयांत कितीसे पोचणार? जनुकांवरचा लेख इंग्लंडमध्ये छापला गेला आणि त्याला नाव लागले. हा फरक गुणवत्तेचा नव्हता, टपालाचा होता असे म्हणायला हरकत नाही.

१९४६ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. घर पुण्यात, काम मुंबईत, आणि मधे डेक्कन क्वीन. सोळा वर्षे हा क्रम चालला. सुरुवातीचे सख्य पुढे राहिले नाही. भारताच्या विजेचा प्रश्न अणुभट्टीने सुटेल या मताला कोसंबींचा विरोध होता. आपल्याकडे ऊन फुकट पडते, त्यावर संशोधनाचा पैसा लावा, असे ते १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जाहीरपणे सांगत होते. अणुऊर्जेचे कर्तेधर्ते ज्या संस्थेचे संचालक, तिथे पगार घेऊन हे बोलणे सोपे नव्हते.

पण संस्थेतून जाण्याचे सगळे खापर या मतभेदावर फोडणे हा त्यांच्या चाहत्यांचा आंधळेपणा आहे. १९५९ च्या सुमारास कोसंबींनी संभाव्यतेच्या आधारे रीमानच्या अनुमानाला हात घातला. मूळ संख्यांच्या वाटणीविषयीचे हे अनुमान आजही सिद्ध झालेले नाही. त्यांनी आपला युक्तिवाद छापला कुठे, तर कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात, जिथे तो तपासू शकेल असा अंकशास्त्राचा जाणकार असण्याचा संभव कमीच. युक्तिवादात भोक होते. नाणी झिजतात त्यात यदृच्छा असते, गुणसूत्रे तुटतात त्यातही असते. मूळ संख्या मात्र ठरलेल्या असतात, त्या केवळ यदृच्छेसारख्या दिसतात. ज्या हत्याराने दोन क्षेत्रांत यश दिले तेच तिसरीकडे चालेल, हा मोह शल्यविशारदांनाही चुकलेला नाही. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. या प्रकरणाने एवढेच साधले की पुढची कित्येक वर्षे त्यांचे आधीचे पक्के गणितही लोकांनी बाजूला टाकले. त्यांच्या निवडक गणिती लेखांचा संग्रह निघायला २०१६ साल उजाडले.

कोसंबी पुण्यात २९ जून १९६६ च्या पहाटे हृदयविकाराने गेले. वय ५८. आदल्या दिवशी घरच्या डॉक्टरांनी तपासून प्रकृती ठीक असल्याचे सांगितले होते. या तपशिलावर अनेकजण हळहळतात, काही डॉक्टरला बोल लावतात. त्यात तथ्य नाही. नाडी, रक्तदाब, छातीची तपासणी, अगदी विश्रांतीत काढलेला ईसीजीसुद्धा हृदयाच्या रक्तवाहिनीत उद्या गुठळी होणार का हे सांगू शकत नाही. १९६६ मध्ये तर हृदयरुग्णांसाठीचे अतिदक्षता विभाग जगातच नुकते सुरू झाले होते. आजही ‘कालच सगळ्या टेस्ट नॉर्मल आल्या होत्या’ हे वाक्य आपत्कालीन विभागाच्या दारात नेहमी ऐकू येते. नॉर्मल अहवाल धोका कमी आहे एवढेच सांगतो, शून्य आहे असे नाही. तंबाखू, साखर, रक्तदाब, घरातला इतिहास यांचा हिशेब अहवालापलीकडे चालूच असतो. छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ आली तर कालचा कागद बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत संख्याशास्त्र सामाजिक वैद्यकाच्या पेपरातला एक धडा म्हणून येते आणि परीक्षेबरोबर जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा. रुग्ण गोळा होतात, तीस या गटात, तीस त्या गटात; तीसच का, याचे उत्तर ‘मागच्या वर्षीच्याने तेवढेच घेतले होते’. मग शेवटच्या महिन्यात कुणा संख्याशास्त्रज्ञाकडे आकड्यांची फाइल जाते आणि ‘पी व्हॅल्यू’ काढून मिळते. काय मोजायचे आणि कशासाठी, हा प्रश्न ज्या दिवशी विचारायला हवा होता तो दिवस कधीच गेलेला असतो. यात विद्यार्थ्याचा दोष थोडा. रोज दीडशे रुग्ण पाहणाऱ्याला तराजू घेऊन बसायला वेळ कोण देतो? तरीही सरकारी रुग्णालयांत जेवढी माहिती साठते तेवढी देशात दुसरीकडे क्वचितच असेल. सर्पदंशाच्या नोंदी, बाळंतिणींच्या नोंदी, सिकलसेलच्या पिवळ्या-लाल कार्डांच्या नोंदी. गाठोडी बांधून त्या रेकॉर्ड रूममध्ये जातात. प्रत्येक महाविद्यालयात वर्षाला एक गणिताचा माणूस आणि दोन डॉक्टर सहा महिने त्या गाठोड्यांपाशी बसवले, पगार चालू ठेवून आणि प्रबंधाची सक्ती न करता, तर खर्च फार येणार नाही.

कोसंबींची मूळ संख्यांवरच्या पुस्तकाची संहिता त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी छापायला गेली होती. नंतर ती हरवली, ती मिळालीच नाही. जनुकीय नकाशे काढणाऱ्या संगणक-प्रणालींत मात्र सुरुवातीलाच दोन नावांतून एक निवडावे लागते: हाल्डेन की कोसंबी. बहुतेक विद्यार्थी दुसरे निवडतात आणि पुढे जातात.